पाच मिलिसेकंद

जुन्या मॉनिटरवर माझ्या लाल गाडीला शेपूट फुटायचं.
वळणावर तर दोन गाड्या दिसायच्या,
एक माझी, एक नुकतीच होऊन गेलेली,
आणि मी नेमकी होऊन गेलेलीला वाचवायला जायचे.
धाडकन् कठड्यावर.

म्हणून कटिंगचं टेबल झाकलं,
खाकी हाफपँटींचे एकशेचाळीस नग मोजून दिले
आणि नवी पेठेत गेले. ऊन असं
की स्कूटीच्या सीटवर भाकरी भाजावी.

दुकानात गारवा होता. हत्तुऱ्यांचा धाकटा, बसवराज,
काच पुसत म्हणाला, "मुलगा खेळतो का, मावशी?"
"मीच खेळते."
तो थांबला.
नंतर त्यानंच शिकवलेल्या मापानं मोजलं तर
दीडेक हजार मिलिसेकंद थांबला.

मग मात्र नीट बोलला.
एक ठिपका एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला
जेवढा वेळ घेतो, तो रिस्पॉन्स टाइम.
ठिपका आळशी असला
की मागचा रंग पुढच्यात सांडतो.
"म्हणजे रंग उतरतो," मी म्हटलं,
"पहिल्या धुण्यात लाल टॉवेल पांढऱ्याला लागतो, तसा."
"तसाच की!" म्हणाला, आणि खूश झाला.

हा एकाचा, साडेसोळा हजार.
हा पाचाचा, साडेनऊ.
तिसरा जरा वाकडा, काळा रंग त्यात विहिरीसारखा खोल,
पण रात्रीच्या रस्त्यावर तोच काळा
चिखलासारखा गाडीमागं ओढला जायचा.
मी रात्रीच्याच शर्यती खेळते.
तो नको.

खोक्यावर पिवळ्या चांदणीत एकाचा आकडा.
हा एक खरा आहे का, मी विचारलं.
डझन म्हणून अकरा बांधणारे
आमच्या धंद्यात मला नावानिशी ठाऊक आहेत.
बसवराजनं दाराकडं बघितलं. वडील जेवायला गेले होते.
"मेनूत जाऊन ठिपक्यांना चाबूक लावायचा,
तेव्हा कुठं एक येतो.
आणि मग ते घाबरून जागेच्याही पुढं पळतात,
गाडीच्या कडेला उलटी, उजळ सावली पडते.
मधल्या पायरीवरच ठेवा. स्पर्धेत उतरणार असाल
तर गोष्ट वेगळी."

स्पर्धा?
रात्री साडेदहाला, भांडी झाल्यावर, दोन शर्यती.
दुसरी हरले तरच तिसरी.

मी मनात माग चालू केला.
घोंगडे वस्तीत नायनांचा माग
मिनिटाला दीडशे वेळा धोटा फेकायचा.
एका फेकीला चारशे मिलिसेकंद,
त्यात हे पाच ऐंशी वेळा मावतात.
नायनांना चालता धोटा कधी दिसलाच नाही,
दिसायची एक पिवळट रेघ, दोन्हीकडं पुसलेली.
तरी धागा तुटला की
आवाज बदलायच्या आत हात दांडीवर.
सगळा जन्म त्यांनी शेपटासकट बघितला
आणि चादरीत एक गाळा सोडला नाही.

"पाचाचा बांध," मी म्हटलं.
उरलेल्या पैशांत ओव्हरलॉकची मोटर येते.

खोकं पायांत धरून पार्क चौकातून आले,
सिग्नलला एका पोरानं विचारलं, "किती इंची?"
मी उत्तर दिलं तेव्हा हिरवा लागून गेला होता.

रात्री कूलर बंद केला, दोन्ही एकदम लावले की
बोर्ड कुरकुरतो. घामानं माऊस बुळबुळीत.
लाल गाडी सुटली. एकच. कडा अशी
की आत्ताच कात्री फिरवलीय.
झाडं झाडांसारखी गेली, पाट्या वाचता आल्या,
आणि त्याच वळणावर
त्याच कठड्यावर
धाडकन्.

बसून राहिले.
आता गाडी एकच दिसते,
आणि ती कठड्यावर कोण नेऊन घालतं
तेही अगदी स्वच्छ दिसतं.

चला, अजून एक.
ही तिसरीत धरायची नाही.